माह्या कार्बनचा मंजन झाला

ग्रुपवाल्याहो, आज लय रडू येऊन राहिलं.

मी मुर्री गावची, नववीतून शाळा सुटलेली. फोनवर पाहून धानाच्या भुशाचा कार्बन बनवला, बंद डब्यात घालून चुलीत जाळला. हायड्रोजनपासून वीज बनवनाऱ्या फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमचे कन अशाच बारीक छिद्राच्या कार्बनवर बसवतात. कॉलेजच्या एका मॅडमले लाजत मेसेज केला. त्या म्हनल्या, "उद्याच तपासाले आन, परवा मशीन मिळनार नाही."

सकाळी पाहतो तं डबा रिकामा.

आई म्हने, "काऊन वं, कोयशाची भुकटीच होती ना? मीठ टाकून मंजन केला. साऱ्या घरानं दात घासले, मस्त हाये!"

मॅडमचा फोन आला. माह्यानं उचलवला नाही.

भुसा ढीगभर हाये. पन शाळा सुटलेल्या पोरीले दुसऱ्यांदा कोन बोलावते, सांगा बरं?