टपावरची माणसं

"पोत्याले वजन राह्यते बे, माणसाले कायचं वजन?" जानेफळच्या स्टँडवरचे जीपवाले काका कुणाला तरी सांगत होते. टपावर थाप मारून ते सोयाबीनचं जास्तीचं पोतं उतरवायला लावायचे; माणूस मात्र रस्त्यावर कधी सोडायचे नाहीत. आता ती जीप नाही, ती थाप तेवढी आठवते. कॉलेजला जाताना मी आत बसून डोक्यावर वाकत आलेला पत्रा बघायची आणि गप्प राहायची. एके दिवशी भरलेल्या टपावर एक म्हातारे आजोबा चढू लागले. पत्रा करकरला. काकांनी त्यांना हसत खालून हात दिला. तेव्हा पहिल्यांदाच, त्यांच्याच बोलीत, मी म्हटलं, "काका, आजोबाले आत बसवा. मी मागच्या गाडीनं येतो."