एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला हक्कानं हात घालून त्याचा पडदा काळाठिक्कर करून दाखवणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. मेव्हणे दौंडला मालगाडीचे ड्रायव्हर, मी शिरूरला मराठीचा मास्तर. प्रश्नपत्रिका टाइप करायला मी घरी कॉम्प्युटर घेतला होता आणि तो बरा चालत होता, एवढीच माझी चूक. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली, कॉम्प्युटर आतून चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या प्रणालीची सीडी घेऊन मेव्हणे एका रविवारी एस.टी.तून उतरले, आणि माझ्या घरची शांतता त्याच एस.टी.नं परत गेली.

लिनक्स त्यांना आवडायचं, कारण ते इंजिनासारखं उघडून आतून बघता येतं. त्या काळी पडद्यावरची अक्षरं लहानमोठी करायची तर एक भली लांब फाइल उघडून तीत मॉनिटरच्या क्षमतेचे आकडे हातानं लिहावे लागत. आकडा चुकला की मॉनिटर बारीक शिट्टी मारून मान टाकायचा. मेव्हण्यांचा आकडा हटकून चुकायचा. एकदा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, सापडत नाही असा संदेश आला, तर ते अर्धा तास त्या पडद्यावर रागावून बसले होते. "ड्रायव्हर न्हाई म्हणतंय. मंग हितं मी कोण बसलोय?" आणि माझी सहामाहीची प्रश्नपत्रिका त्या काळोखात कुठंतरी पडून असायची. मी दमून जायचो, पण बायकोच्या थोरल्या भावाला 'उठा' कसं म्हणायचं?

त्यात त्यांची ती पुकारायची सवय. इंजिनात ड्रायव्हरनं सिग्नल बघून मोठ्यानं पुकारायचं आणि सहायकानं स्वतः बघून तेच परत म्हणायचं, अशी रेल्वेची शिस्त आहे. आमच्याकडे सहायक मी. "एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट," मेव्हणे हात वर करून पुकारत, आणि मी ते जसंच्या तसं म्हटल्याशिवाय एंटर दाबत नसत. एकदा वैतागून मी गप्प बसलो, तर ते बटणावर बोट धरून तसेच थांबले आणि पुढ्यातला चहा गार झाला. शेजारच्या काकूंनी बायकोला विचारलं होतं, की मास्तर या वयात पाढे कशाला पाठ करतात.

एवढ्या मोठ्या आकड्याला माझ्या चौदा इंची मॉनिटरवर अक्षरं मुंगीएवढी व्हायची. मी आठशे बाय सहाशेवर तडजोड सुचवायचो, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यामागचं कारण बायकोनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. ड्रायव्हरच्या डोळ्यांची ठरल्या मुदतीनं तपासणी होते, आणि नापास झालं की गाडीवरून उतरवून टेबलावर बसवतात. मेव्हण्यांची तपासणी दिवाळीनंतर होती आणि त्यांना लांबचं धूसर दिसायला लागलं होतं. म्हणून ते अक्षरं बारीक करायचे, समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि एक डोळा झाकून माझी प्रश्नपत्रिका वाचायचे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ते असेच उभे राहिले आणि त्यांनी पुकारलं, "संदर्भासह स्पष्टीकरण द्या. व्हय ना, दाजी?"

पडद्यावर 'समानार्थी शब्द लिहा' होतं. माझ्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत संदर्भासह स्पष्टीकरण असतं, हे त्यांना पाठ झालं होतं. सहायकाला वेगळं दिसलं तर त्यानं ते सांगायचं असतं, तो आहेच त्यासाठी. मी पडद्याकडे बघितलं आणि म्हणालो, "संदर्भासह स्पष्टीकरण द्या." मेव्हणे खूश होऊन जेवायला बसले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तपासणीत ते नापास झाले. दौंडलाच ऑफिसात रजिस्टरं लिहायला बसवलं त्यांना. शिरूरला यायचे बंद झाले, फोनवरही दोन शब्दांच्या वर बोलेनात. माझा पडदा तीन महिने लख्ख होता, प्रश्नपत्रिका वेळेवर जात होत्या, आणि रविवार मला खायला उठायचा. शेवटी एका सकाळी मी ती फाइल उघडली आणि मनाला येईल तो आकडा लिहिला. शिट्टी वाजली. मी दौंडला फोन लावून सांगितलं, की पडदा गेलाय आणि इथं कुणाला काही जमत नाही.

दुपारच्या एस.टी.नं ते आले. बिघाडातही चालणारा साधा काळा-पांढरा पडदा उठवून, नाक काचेला लागेल इतके पुढं वाकून, एकेक ओळ बोटानं धरत त्यांनी फाइल वाचली. एका जागी बोट थांबलं.

"दाजी, ह्यो आकडा माझ्या हातचा न्हाई."

मी म्हणालो, माझ्या हातचा आहे. त्यांनी बोट काचेवरून उचलून कीबोर्डवर ठेवलं. मग आकडा दुरुस्त करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्होरल्या रविवारी बी बिघडवा."

पुढची चार-पाच वर्षं मी ते इमानानं केलं. आता नवीन मॉनिटर आलाय. तो स्वतःचे आकडे स्वतःच ओळखतो, त्याला कुणाची गरज लागत नाही. मेव्हण्यांचं येणं कमी झालंय. शनिवारी संध्याकाळी मी अजून त्या पडद्यासमोर बसून नाना खटपटी करतो, पण तो काही केल्या माझ्याकडून बिघडत नाही.