चार मार्कांचं उत्तर

बाबा रेल्वेच्या अकाउंट्स ऑफिसात होते. बदली होऊन आम्ही जयपूरला आलो आणि इथलेच झालो. माझ्या बी.कॉम.च्या परीक्षेआधी ते घड्याळ घेऊन समोर बसायचे. ताळेबंद जुळला नाही की मी फरक शोधत बसायचे आणि ते ओरडायचे, "सोड तो! पुढचा प्रश्न घे. पेपर काय दिवसभर चालणारे?" थिअरीत चार मार्कांना चारच मुद्दे, पाचवा लिहायला घेतला की पेन काढून घ्यायचे. असा संताप व्हायचा माझा! पुरवण्यांवर पुरवण्या जोडणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "ज्याला उत्तर येत नाही, तोच पानं भरतो," म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात इथल्या सी-स्कीम भागातल्या हॉस्पिटलात बाबांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "घर कब जाऊंगा?" डॉक्टर बोलतच राहिले. लिव्हर, रिपोर्ट, नवी औषधं, त्यांचे परिणाम. मी चिडून मध्येच म्हटलं, "मतलब, कब?" त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

डॉक्टर गेल्यावर बाबा छताकडे बघत हळूच म्हणाले, "पुरवणी घेतली गं त्यांनी."