पेशंटच्याच शब्दांत

सत्तरच्या दशकात आमच्या मेडिकल कॉलेजचं परभणीकडे पोखर्णीजवळ एक लहानसं आरोग्यकेंद्र होतं. शेवटच्या वर्षाच्या पोरांना तिथे आळीपाळीने पाठवत. केंद्र चालवणारे सर पुण्याकडचे. हुशार, गोड बोलणारे, पण आमच्या भागाची बोली त्यांच्या डोक्यावरून जायची. एखादी बाई म्हणाली, "डोस्कं लय ठणकायलंय," की सर डावीकडे बघत. डावीकडच्या स्टुलावर मी असे. मी त्याच भागातल्या झरीचा. त्या कॉलेजात माझ्यापाशी भांडवल म्हणून होती ती ही भाषाच, आणि सरांनी ते पहिल्याच आठवड्यात हेरलं.

"तू आपला माणूस आहेस, इथेच बस," ते म्हणाले. मी बसलो तो उठलोच नाही. सकाळी ओपीडी, दुपारी वस्त्यांवर लस टोचणं, परत आलं की ड्रेसिंग. माझ्याबरोबर आलेला जोडीदार शहरातला. त्याला बोली कळत नाही, म्हणून त्याला सूट! तो लिंबाखाली खुर्ची टाकून मेडिसिनचा जाडजूड ग्रंथ वाचत बसे. मी कुरकुर केली की सर खांद्यावर हात ठेवत. "पुस्तक कुणीही वाचतं रे. तू पेशंट वाचायला शीक. त्याचा त्रास त्याच्याच शब्दांत टिपायचा आणि परीक्षेतही तसाच सांगायचा. परीक्षेला मी असणारच आहे ना?"

या शेवटच्या वाक्यावर मी वर्ष काढलं. माझी पाळी संपली, जोडीदार कॉलेजात परतला, तरी सर मला पुन्हापुन्हा केंद्रावर बोलावून घेत. मला त्याचा अभिमान वाटायचा.

वडील झरीलाच प्राथमिक शिक्षक. आमच्या बौद्धवाड्यातून डॉक्टर होणारा मी पहिलाच, त्यामुळे माझी परीक्षा ही सगळ्या वाड्याची परीक्षा होती. घरी गेलो की वडिलांचा एकच प्रश्न.

"वाचन व्हायलंय का?"

"सरच परीक्षक हायेत, दादा."

"इचारणारे ते हायेत. सांगायचं तर तुलाच हाय ना?"

दादांना मेडिकलमधलं काय कळतंय, असं मनात म्हणून मी जेवायला बसायचो.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सरांच्या शेजारी मुंबईहून आलेले परीक्षक होते. माझ्या वाट्याला सेलूकडची एक म्हातारी आली. हृदय थकलेलं, पाय सुजलेले. मला म्हणाली, "उतानं पडलं की जीव गुदमरायलाय बाबा. उशाला गठुडं घेतल्याबिगर डोळा लागंना." मी तिला नीट तपासलं, निदानही बरोबर केलं. मग शिकवल्याप्रमाणे आधी तिचं वाक्य तिच्याच शब्दांत सांगितलं.

"गठुडं?" मुंबईचे परीक्षक हसले. "आपण परीक्षेला बसलाय की बाजाराला आलाय?"

आणि सरही हसले. त्यांनीच शिकवलेल्या गोष्टीला त्यांनीच हसावं! येत होतं तेवढं इंग्रजीही मी विसरलो. पुढचा प्रश्न तिच्या हृदयाच्या औषधाचा होता. ते जास्त झालं तर काय काय होतं, सांगा. ते पान लिंबाखाली वाचलं जात होतं तेव्हा मी कुणाच्या तरी गळवाला पट्टी बांधत होतो. मी सरांकडे पाहिलं. एका शब्दाचा आधार पुरला असता.

सर पाहुण्यांना म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण वाचनाची आवड नाही. सारखा पेशंटमध्ये असतो, कंपाउंडरसारखा."

मी नापास झालो. जोडीदार चांगल्या मार्कांनी पास झाला. त्याच्यावर माझा राग नव्हता, तो बिचारा आपलं वाचत होता. माझा संताप होता तो सरांच्या त्या वाक्यावर. सारखा पेशंटमध्ये असतो म्हणे! मला तिथे बसवलं कुणी होतं? ते खोटं बोलले असते तर मी भांडलो तरी असतो. विश्वासघात याहून वेगळा काय असतो, मला माहीत नाही. घरी सांगितलं. दादांनी माझी पुस्तकं पुसून फळीवर मांडून ठेवली.

काही दिवसांनी परभणीच्या एसटी स्टँडवर सर भेटले. चेहऱ्यावर तोच गोडवा.

"नाउमेद होऊ नकोस. पुढच्या परीक्षेपर्यंत मोकळाच आहेस, तर केंद्रावर ये. नव्या पोरांना इथलं बोलणं कळत नाही. तू आपला माणूस."

त्यांच्याशी मी नेहमी पुस्तकी मराठीत बोलत असे. त्या दिवशी झरीतल्या बोलीतच एका दमात म्हणालो, "लय इस्वास टाकला व्हता सर तुमच्यावर, तुमी पार उतानं पाडलं मला. जीव गुदमरायलाय माझा. आता न्हाई यायलो मी."

"काय म्हणालास?" सरांनी विचारलं, आणि सवयीने डावीकडे बघितलं.