साड्यांखालची फाईल

माझ्या धाकट्या भावाची दवाखान्याची फाईल मी बारा वर्षं साड्यांच्या घड्यांखाली दडवून ठेवली होती. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नीट चालू असल्या की तो भाजी निवडून देतो, दळण आणतो, इंदिरानगरात त्याला कोणी वेगळं म्हणणार नाही. पण "मामाला काय झालंय?" असा प्रश्न माझ्या मुलीच्या लग्नात आड यायला नको, म्हणून मी सगळ्यांना एकच सांगायचे, जरा तापट आहे. हा शहाणपणा माझाच, दुसऱ्या कोणाचा नाही.

गेल्या वर्षी त्याने गोळ्या गुपचूप बंद केल्या. एकादशीच्या सकाळी मी गिरणीत गेले असताना समोरच्या दारातल्या काकू नेहमीसारखी साबुदाण्याच्या खिचडीची वाटी घेऊन आल्या. यात विष कालवलंय असं त्याच्या डोक्यात बसलं आणि त्याने खलातला बत्ता उचलून त्यांच्या खांद्यावर घातला. हाड मोडलं. दुपारी पोलीस त्याला घेऊन गेले.

कोर्टाच्या आवारात आमच्या वकीलबाईंनी विचारलं, "ताई, यांचे काही उपचार चालू आहेत का? कागद असतील तर आत्ताच द्या."

त्याच रविवारी मनमाडचे लोक मुलीला बघायला यायचे होते. मी म्हणाले, "छे हो! तापट आहे, एवढंच."

सरकारी वकील म्हणाले, आरोपी समोरच्याच दारात राहतो, जखमी बाईंना घराबाहेर पडायची भीती वाटते. न्यायाधीशांनी विचारलं, "मग अशा तापट माणसाला त्याच दारात परत पाठवायचं?" जामीन नाकारला. त्यांना काय बोलू? आजारी माणसाला गुंड करून मीच त्यांच्यापुढे उभं केलं होतं.

आठ दिवसांनी तुरुंगात भेटायला गेले. जाळीपलीकडे तो सारखा स्वतःचा तळहात हुंगत होता. आजार आहे हेच कोणाला सांगितलेलं नाही, तर गोळी कोण देणार! घरी येऊन कपाट उघडलं, फाईल काढली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मनमाडचे लोक? ते आलेच नव्हते. पत्रिका जुळत नाही म्हणून फोनवरच कळवून मोकळे झाले.

मग सुरू झाली माझी वणवण. तुरुंगात म्हणाले, कोर्टाचा आदेश आणा. कोर्टात म्हणाले, डॉक्टरांचा अहवाल आणा. डॉक्टर म्हणाले, पेशंट समोर बसवा, न बघता मी काय लिहू? अहो, पेशंट तुरुंगात आहे! जो तो आपापल्या जागी बरोबर, आणि मी फाईल पोटाशी धरून जिन्यात उभी. शेवटी वकीलबाईंनी जामिनाचा दुसरा अर्ज केला, तेव्हा कुठे तपासणी झाली आणि गोळ्या सुरू झाल्या.

काकूंनी त्याही वेळी हरकत घेतली. तरी जामीन मिळाला, पण दोन अटींवर. उपचार थांबवायचे नाहीत आणि खटला संपेपर्यंत आमच्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही. जामीनदार म्हणून नामपूरचा आमचा मामा सातबारा घेऊन आला होता, भावाला तोच आपल्या शेतावर नेणार होता. "मी शे ना, तू कसाले घाबरस?" म्हणाला. मला मात्र संताप आवरेना. बारा वर्षं ज्या घरात त्याला सांभाळलं, तेच घर बंद? तिकडे कांद्याच्या घाईत गोळी गिळली की जिभेखाली ठेवली, हे कोण बघत बसणार?

हे सगळं मी व्हरांड्यात वकीलबाईंना तावातावाने ऐकवत होते. बाजूच्या बाकावर काकू बसल्या होत्या, हात गळ्यातल्या पट्टीत. मी त्यांच्यावरही घसरले. "काकू, तुम्ही तरी हरकत घ्यायला नको होती. तो आजारी आहे हो!"

काकूंनी मान वर केली. "अगं, ते मला इथे कोर्टात कळलं. शेजारी राहून मला सांगितलं नाहीस ना! मी वाटी घेऊन आलेच नसते."

त्या एकादशीच्या आधी दोन दिवस तो माझ्या हातचा घाससुद्धा हुंगून खात होता. मला दिसत होतं. गिरणीत जाताना काकूंनी दारातूनच विचारलं होतं, "खिचडी केलीय, घरी कोण आहे गं?"

मी म्हणाले होते, "भाऊ आहे ना, द्या त्याच्याकडे."