होडी बंद पडता, उपाय सांगा

माझ्या तोंडवलीच्या मामाइतका ताठ मानेने अर्धवट प्रश्न विचारणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात झाला नाही. दुकानात शिरून तो "आसा काय?" एवढंच विचारी आणि दुकानदार मुकाट्याने तंबाखूची पुडी पुढे करी. मामीला "झाला?" म्हटलं की ताटात भात पडे. त्याच्या प्रश्नांचा उरलेला अर्धा भाग गावच सांभाळत आला होता, त्यामुळे आपण काही अपुरं विचारतो हे त्याच्या कानावर कधी आलंच नाही.

पुढे मी मालवणच्या बाजारात नेट कॅफे काढलं. त्या हंगामात मामाच्या होडीचं इंजिन सारखं रुसत होतं आणि गावचा मेकॅनिक हात टेकून बसला होता. बोटींच्या इंजिनांबद्दल जगभरचे लोक एकमेकांना विचारतात अशी एक साइट मी मामाला दाखवली. तो ऐटीत खुर्चीवर बसला. "लिही. होडी बंद पडता. उपाय सांगा." मी तेवढंच इंग्रजीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी उलटे प्रश्नच आले. इंजिन कुठलं, किती जुनं, नेमकं कधी बंद पडतं? एकाने तर "होडी विका" असा उपायही सांगून टाकला. मामा भडकला. "मी इचारलंय की तेंनी इचारल्यानी? उत्तर येणा नसात तर गप बसा म्हणान सांग!"

"मामा, तेंका तुझी होडी दिसणा नाय."

"माका तरी तेंची तोंडां खंय दिसतत? म्हणान मी इचारूचो थांबलंय?" त्याने तोच प्रश्न पुन्हा टाकायला लावला, पुढे फक्त 'लवकर' जोडून.

त्याच आठवड्यात त्याचा तरणा मुलगा बाबू मासे घेऊन परतत असताना इंजिन बंद पडलं आणि होडी वाऱ्याबरोबर खडकांकडे सरकू लागली. मामा किनाऱ्यावरून घसा फुटेस्तोवर ओरडत होता. अखेर दुसऱ्या होडीवाल्यांनी दोर टाकून बाबूला ओढत आणलं. मामा नुसता त्याच्या खांद्याला हात लावून उभा राहिला.

सकाळी कॅफे उघडतोय तर मामा दारात. "लिही. पण तेंका भिवान सांगतंय असा नाय हां!" आणि त्याने सगळं सांगितलं. इंजिन कुठलं, कितव्या हंगामाचं, आणि ते जाताना कधीच बंद पडत नाही, येतानाच पडतं.

"ह्यां आधी कित्याक नाय सांगलंस?"

"तू खंय इचारलंस?"

संध्याकाळी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. परतताना टाकी अर्धी रिकामी असते. टाकीत उतरणारी डिझेलची नळी मध्येच चिरली असेल, डिझेल त्या चिरेखाली गेलं की इंजिन हवा ओढतं. नळी काढून बघितली, तर खरंच चिरलेली. नवी बसवली आणि होडी सुरळीत जाऊ-येऊ लागली.

"ह्यां तेका पयल्याच दिवशी कळूक होया होता," मामा म्हणाला. पण खुर्चीवरून उठला नाही. मग हळूच म्हणाला, "इचार तेका, तू खंयचो? घरची सगळी बरी आसत मां?"

मी तसंच्या तसं विचारलं. त्या माणसाने ते वाचलं की नाही, कोण जाणे. त्यानंतर बाजाराला आला की मामा कॅफेच्या दारातून डोकं आत घाली. "इलां काय रे?"

मी नाही म्हणून मान हलवी.

"येतलां," तो म्हणे, आणि पिशवी सावरत एसटीकडे चालू लागे.