आतल्या बाजूची शिलाई

"खोटं बोलू नका, बाबा! तुमची अंडी कोण खात होतं?"

"मीच. कोंबडीला विचार."

"थट्टा पुरे. डॉक्टर म्हणाले, मांड्यांत मांसच उरलं नाही, हाडं ठिसूळ झालीत. काल स्टुलावरून उठताना पाय लटपटले, उगाच नाही पडलात."

"म्हातारपणी माणूस वाळतोच गं."

"वाळायला तुम्ही काय दोरीवरचा टॉवेल आहात?"

खाटेवरून आई हसली.

बाबा म्हणजे टेलर मास्तर; मास्तरांनी चाळीस वर्षं शिलाई मशीन पायाने चालवलं. गिऱ्हाईक उंबऱ्यातच असायचं, तोवर ते सांगायचे, "डावा खांदा उतरलाय तुमचा." दोन वर्षांपूर्वी आई मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. अंडी, दूध, डाळी भरपूर द्या, तरच पायांत बळ येईल, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून लेक दर रविवारी दोघांपुरतं आणून टाकायची. वडिलांचे कपडे बघावेत तर अंगावर चपखल. बाबा ठणठणीत आहेत, असं ती सासरी सांगायची.

आज बाबांना दवाखान्यात ठेवायचं म्हणून पिशवी भरताना तिने खुंटीवरची पँट काढली आणि सवयीने उलटी केली. कंबर एकदा नाही, चारदा आत घेतलेली. मशीनची शिवण बाबांची. पण पट्टीवरची ती बारीक, तिरपी तुरपाई? दुकानाचा नेमच होता, मशीन बाबांचं, हातशिलाई आईची.

"आई... तुला माहीत होतं?"

आईने चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पँट मांडीवर आणून टाकायचे. कंबर दिसत होती गं मला. पण ह्यांनी आपल्या वाट्याचं अंडं, दुधाचा ग्लास पुढे केला की मी घ्यायचे. वाटायचं, आधी मी उभी राहते, मग ह्यांना बसवून खाऊ घालीन."

"मग राहिलीस उभी?"

बोलून गेली आणि लेकीने जीभ चावली. आई आपल्या पायांकडे बघत राहिली.

"तिला नाही बोलायचं," मास्तर म्हणाले. "माप माझं होतं."

"हो ना? मग सांगा, बाबा, आता तुमच्यात कोण कुणाला उठवणार?"

मास्तरांनी खुर्चीचे हात धरून जोर लावला. जमलं नाही. पुन्हा लावला. लेकीने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. तिसऱ्यांदा उठले. अंगावरची पँट मात्र कंबरेत आत घ्यायची राहून गेली होती. ती एका मुठीत धरून, दुसऱ्या हाताने भिंत चाचपत ते दाराबाहेर गेले.